काशीरामच्या दातातली खाच

मित्रांनो, मी जुना आहे आणि अर्धाच आहे. वरचा भाग कवटीसकट मनोरीच्या समुद्रात चिखलाखाली राहिला. मी आपला खालचा जबडा. ज्याच्या जोरावर एका माणसानं जन्मभर बडबड केली, गाणी म्हटली, गलबताच्या तांडेलाला, म्हणजे कप्तानाला, मागून शिव्या घातल्या, तोच मी आज कापसावर मुका पडून आहे आणि ज्याला त्याला माझ्याविषयी बोलायचं आहे. आजवर मी लोकांच्या तोंडी समुद्री चाचा झालो, पोर्तुगीज शिपाई झालो, एका बाईंनी तर मला माकड ठरवलं. जो होतो तेवढा सोडून बाकी सगळा झालो. वैताग येणार नाही तर काय होईल?

म्हणून आधी मीच सांगून टाकतो. मी काशीरामचा. देवगडकडचा माणूस. माझ्या पुढच्या दातांवर आडव्या बारीक रेघा आहेत, त्या त्याच्या लहानपणच्या. साथीच्या वर्षी आईबाप गेले आणि पोर शेजाऱ्यांच्या पेजेवर जगलं. पोट रिकामं राहिलं की दाताची वाढ थबकते, आणि थबकली त्या जागी रेघ राहते. माणूस पुढं कितीही हसला तरी ती पुसली जात नाही. डावीकडची एक दाढ नाही. ती भर समुद्रात ठणकायला लागली, तेव्हा तांडेलानं दोरी बांधून उपटली आणि वर चिमूटभर मीठ दाबलं. ती जागा पुढं छान भरून आली. उजवीकडचा तपकिरी रंग तंबाखूचा. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

आणि मधोमध, खालच्या दोन दातांच्या मध्ये, एक खाच. ही माझी खरी ओळख. काशीराम गलबताची शिडं शिवायचा. मेण ओढलेला जाड दोरा तो दातांत धरायचा, ताणायचा, सर्रकन ओढायचा. दोन्ही हात कापडावर, म्हणून तिसरा हात मी. वर्षानुवर्षं एकाच जागी दोरा घासून घासून तिथं वाट पडली. त्या वाटेतून तो शीळही घालायचा. बंदरावरची पोरं मागं लागायची, ‘काशीकाका, दातान वाजवा!’ शीळ ऐकली की बायका चुलीपाशी ओळखायच्या, गलबत लागलं.

त्याच्या हाताखाली दत्ताराम नावाचा पोरगा होता. दहा वर्षांचा असल्यापासून काशीरामच्या मागं मागं फिरलेला. मोठा झाला, लग्न झालं, तरी शिवण उसवली की काशीरामची बोलणी मान खाली घालून ऐकायचा. पोहण्यात मात्र गुरू कोरा आणि चेला पट्टीचा. हसू नका. जन्म पाण्यावर काढून पोहता न येणारे खलाशी त्या काळी पुष्कळ होते.

आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी, शहाणी माणसं गलबतं किनाऱ्यावर ओढून शाकारतात. आमच्या मालकाला एक फेरी आणखी हवी होती. मंगळुरी कौलं भरून गलबत वसईला निघालं. दत्तारामची बायको रत्नप्रभा पोटुशी होती. ती बंदरावर उभी राहून बघत होती. वसई जवळ आली, मनोरीचा काठ डोळ्यांना दिसत होता, घरांतले दिवे लागायची वेळ, आणि वाऱ्यानं डोलकाठी मोडली. कौलांचं ओझं एका कुशीला सरकलं. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

मग चिखल. चिखलाची तक्रार नाही माझी. चिखल कुणालाही खोटं नाव ठेवत नाही.

त्या चिखलातून मला काढलं मनोरीच्या इग्नेशियसनं. तो डोल जाळं लावतो. समुद्राच्या तळात लांबच लांब लाकडी खुंट ठोकायचे, त्यांना पिशवीसारखं जाळं बांधायचं आणि भरतीओहोटीच्या ओढीनं मासळी आपणहून आत यावी म्हणून वाट बघायची. १९८५च्या दिवाळीनंतर त्यानं नवा खुंट ठोकला, तो थेट आमच्या गलबतात. जाळ्यात जवळा आला, चार बोंबील आले, एक फुटकं कौल आलं आणि मी आलो.

इग्नेशियस मनाचा भला. क्रूस करून त्यानं मला रुमालात गुंडाळलं आणि घरी आणलं. त्याची बायको व्हायोलेट सोप्यावर सुकट निवडत होती.

“काय रे ते?”

“मानसाचा जबडा हाय. फादर आले की सिमेट्रीत पुरू.”

“पुरू? तो आपला का त्यांचा, तुला काय म्हाईत? बाप्तिस्मा विचारनार त्याला?”

“मग पोलिसांत देतो.”

“दे ना. मग तू चौकीतल्या बाकड्यावर बस, नि डोल मी काढते!”

असा मी दाराबाहेर, कौलाशेजारी, बादलीत राहिलो. रविवारी मार्व्याहून तरीनं खाडी ओलांडून विद्याधर सर सुके बोंबील न्यायला आले. ते मालाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. बादलीत डोकावले आणि त्यांचे डोळे असे चमकले की मला वाटलं, सुटलो. जाणकार भेटला.

कसला सुटतो! सरांच्या डोळ्यांत मी नव्हतोच, विज्ञान प्रदर्शनाची ढाल होती. त्यांनी मला साबणानं धुतलं, वर चकचकीत व्हार्निश मारलं. आणि मित्रांनो, सांगतानाही दात शिवशिवतात, त्यांनी माझी खाच प्लास्टर ऑफ पॅरिसनं भरून टाकली. वर पिवळसर रंगाचा हात. ‘भोक वाईट दिसत होतं’ म्हणे. काशीरामला ती पाडायला उभा जन्म लागला, सरांनी मधल्या सुट्टीत बुजवली. मग फुटकं कौल पायथ्याला ठेवलं, त्यावर मला बसवलं आणि पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, ‘समुद्री चाच्याचा जबडा’.

माणसांची एक खोड मी पक्की ताडली आहे. हाडाकडे बघताना हाड थोडं बघतात आणि आपलंच घोडं जास्त दामटतात. व्हायोलेटला माझ्यात पोलिसांची कटकट दिसली, सरांना ढाल, पोरांना चाचा. प्रत्येकाच्या खात्यावर मी काहीतरी जमा केलं. माझ्या खात्यावर मात्र सगळी वजाबाकीच.

प्रदर्शनात परीक्षक म्हणून मीरा नावाच्या दातांच्या डॉक्टर आल्या होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मला हातात घेतलं आणि पहिल्यांदाच कुणीतरी माझं नाव सांगायच्या आधी मला बघितलं.

“चाचा कशावरून, सर?”

“समुद्रात मिळाला ना, मॅडम.”

“समुद्रात बोंबीलही मिळतात. तेही चाचे का?”

पोरं खिदळली. सर लाल झाले. मीराताईंनी विचारलं, नेमका कुठं मिळाला, सोबत काय होतं? सरांना मनोरीपलीकडे काही सांगता येईना. तेव्हा मागं उभा असलेला प्रयोगशाळेचा शिपाई सहदेव, जो त्या रविवारी सरांची पिशवी उचलायला सोबत आला होता, म्हणाला, “मॅडम, डोल जाळ्यात. हे खालचं कौल पण त्याच जाळ्यात आलंय. तिथं तळाला म्हणे कौलांचा ढीगच आहे.”

बोलता बोलता त्यानं ते कौल उचललं आणि उलटसुलट करून बघितलं. त्याचं कारण मला तेव्हा कळलं नाही. आडनावं आणि चेहरे मला कुठले कळायला! तो दिंडोशीला राहणारा, गिरणी संपात गेली म्हणून शाळेत शिपाई झालेला चाळिशीचा माणूस. पण तो संध्याकाळी घरी गेला, आईला सहज म्हणून कौलांचं बोलला, आणि त्याची आई ताटावरून उठली. त्याची आई म्हणजे रत्नप्रभा.

आता तिची गोष्ट ऐका. माझा सगळा वैताग तिच्यात आहे. गलबत परत आलं नाही, त्यावरचं कुणीही आलं नाही. पावसाळा संपल्यावर कुणी उपटसुंभ गावात सांगत आला, ‘गलबत वसईला लागला, कौला उतरली. दत्ताराम कुर्ल्याक दिसलो माका. बाई ठेवल्यान.’ झालं! सासरच्यांनी ठरवलं, जिवंत आहे. बारा वर्षांनी बेपत्त्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात, तोही दिला नाही. जित्या माणसाचं क्रियाकर्म करून पाप कोण घेणार? भाद्रपदात म्हाळाच्या दिवशी घरच्या सगळ्या पितरांच्या नावानं पानं वाढतात. दत्तारामचं पान कधी लागलं नाही. बाई कुंकू लावायची तर लोक म्हणायचे, नवऱ्यानं टाकली तरी मिरवते. एकदा लावलं नाही तर म्हणाले, जित्या नवऱ्याला मारते. आणि पोटातला पोर मोठा होऊन बापाचं नाव काढलं की थुंकायला लागला. चाळीस वर्षं! आणि मी तिथं खाली, सगळं माहीत असून, तोंडात चिखल धरून.

मीराताईंनी हट्ट धरला की जागा बघितल्याशिवाय बोलणार नाही. म्हणून एका रविवारी सगळे तरीनं मनोरीला गेले: मीराताई, रुसलेले विद्याधर सर, सहदेव, रत्नप्रभा आणि डब्यात कापसावर मी. व्हायोलेटनं सोप्यावर बाकडं मांडलं, काळा चहा दिला. मला उन्हात ठेवलं. रत्नप्रभा माझ्यासमोर बसली आणि पदर तोंडाला लावून बघत राहिली. मी तिला लग्नाच्या हिरव्या चुड्यात बघितलेलं. ओळख ना गं, मी ओरडत होतो. पण ओरडणार कशानं?

“डॉक्टरबाय,” ती म्हणाली, “ह्यो माझ्या घोवाचो काय?”

“तुमचे मालक तेव्हा केवढे होते, मावशी?”

“चोवीस सरलेली.”

मीराताईंनी मला पालथं केलं, दाढांवर बोट फिरवलं आणि पुढच्या दातांवरच्या रेघा मोजल्या. मग म्हणाल्या, “नाही मावशी. ही झीज पन्नाशी उलटलेल्या माणसाची आहे. शिवाय या रेघा. हा लहानपणी फार उपाशी राहिलाय, नाहीतर मोठ्या दुखण्यातून उठलाय.”

“तेंका तेंच्या आवशीन कधी उपाशी ठेवल्यान नाय,” रत्नप्रभा पुटपुटली. तिचे खांदे पडले.

सहदेव मीराताईंना बाजूला घेऊन गेला. बाजूला म्हणजे खांबापलीकडे. सगळ्यांना ऐकू येत होतं.

“मॅडम, हो म्हणा ना यार. काय जातं तुमचं? दोन भटजी बोलावतो, विषय संपवतो. तिचं पान लागेल एकदाचं.”

“आणि उद्या तिला कळलं की हा दुसराच कुणी होता?”

“कोण सांगणार? हा?” त्यानं माझ्याकडे बोट केलं.

मित्रांनो, चीड आली, पण मुद्दा बिनतोड होता.

रत्नप्रभा म्हणाली, “सहदेवा, लबाडी नको. गलबत हंयच बुडाला, ता तरी खरा ना?”

इग्नेशियस म्हणाला, “बाय, गलबत हाय. माझा बाप पन त्या जागेला शिव्या द्यायचा. जाली फाटतात आमची कौलांनी. अख्ख्या गावाला म्हाईत.”

“अख्ख्या गावाक!” ती म्हणाली. “आणि आमका कोणी सांगूक नाय.”

“आमाला कोनी इचारला कुटं, बाय?”

“पण आये, कुठलं गलबत?” सहदेव चिडून म्हणाला. “कौलांची गलबतं काय एकच होती? आणि समज, आपलंच. तूच सांगतेस ना, बाबा खाडी आरपार पोहायचे? मग हा बघ काठ. इथून हाक मारली तर ऐकू येईल. पट्टीचा पोहणारा इथं बुडतो? चल! पोहत आला, अंग पुसलं आणि गेला कुर्ल्याला.”

  रत्नप्रभेनं मान वळवली. चाळीस वर्षं तिनं स्वतःला हाच प्रश्न विचारला असणार, तो आज पोटच्या पोरानं चारचौघांत विचारला.

तेवढ्यात मीराताई माझ्यावर वाकल्या. उन्हात दोन दातांमधला पिवळा रंग वेगळा दिसत होता. “सर, हे काय भरलंय?”

“थोडं प्लास्टर,” सर म्हणाले. “झिजून भोक पडलं होतं, मॅडम. जरा नीटनेटकं...”

“मग पावडरही लावायची होती की!”

त्यांनी पिशवीतून दात कोरायची बारीक सळई काढली आणि कोरायला बसल्या. प्लास्टरचे कण उडत होते. मी श्वास रोखला असता, असता तर. शेवटचा खडा टक्कन पडला आणि उन्हाची तिरीप माझ्या खाचेतून आरपार गेली.

“हे रोगानं नाही झालं,” मीराताई स्वतःशीच बोलल्या. “काहीतरी ओढलंय इथून. रोज, वर्षानुवर्षं. दोरा असेल...”

रत्नप्रभा उठली. आली. तिनं करंगळीचं नख त्या खाचेत ठेवलं. मग खाली बसली, तशीच, जमिनीवर.

“काशीकाका,” ती म्हणाली.

“कोण?”

“शीड शिवणारे. ह्यांचे गुरू. ह्याच दातान शीळ घालीत. माझ्या लग्नात वरातीफुडे घातल्यानी.” ती हसत होती की रडत होती, मलाही सांगता आलं नाही. “आई नाय, बापूस नाय, साथीत गेले. दुसऱ्यांच्या पेजेर वाढलेले. बरोबर सांगलंस गे बाय तू.”

“म्हणजे गलबत आपलंच,” सहदेव हळू आवाजात म्हणाला. “कौलं वसईला उतरलीच नाहीत. तो माणूस खोटं बोलला.” मग पुन्हा हट्टानं, “पण बाबा? त्यांना तर पोहता...”

“तेंका येय,” रत्नप्रभा म्हणाली. “काशीकाकांका येय नाय.”

सहदेव तिच्याकडे बघत राहिला.

“कळला तुका? म्हाताऱ्याक पाण्यात टाकून तुझो बापूस काठाक इलो असतो? तू असतोस तर इलो असतंस?”

सहदेव ओट्याच्या कडेला गेला आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. इग्नेशियसनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यानं झटकला नाही. मग तो इतकंच म्हणाला, “आये, भटजींना मी सांगतो. पुतळे दोन करायला सांगतो.”

बघा मित्रांनो. सहदेव म्हणत होता, जबडा बापाचाच आहे असं सांगून मोकळे व्हा. तसं सांगितलं असतं तर बाईला नुसता एक मेलेला नवरा मिळाला असता. मी त्याचा नव्हतो, म्हणूनच तो कसा माणूस होता हे तिला कळलं.

विद्याधर सरांचं मात्र अजून ढालीवर लक्ष. “पण जबडा शाळेची मालमत्ता आहे. पुढं जिल्ह्याचं प्रदर्शन...”

“मास्तर,” रत्नप्रभा शांतपणे म्हणाली, “तुमच्या बापाशीचो असतो तर कपाटात ठेवलो असतास? अस्थी समुद्रातच जातंत. ते आधीच गेलेले. मधी तुमी काढलास.”

सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझा डबा तिच्याकडे सरकवला. वाईट माणूस नाही तो; हौशी आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, निदान साचा काढू का? मीराताईंनी शेजारी उभं राहून काढून घेतला, खाचेसकट. जिल्ह्याला आता तो प्लास्टरचा भाऊ जाणार आहे. पाटीवर लिहिलंय, ‘शीड शिवणाऱ्या खलाशाचा जबडा’. चाचा खोडला. ढाल मिळणार नाही बहुतेक; खलाशाला ढाल कोण देतो?

मीराताईंनी माझी मापं घेतली, छायाचित्रं काढली. परवा इग्नेशियस मला होडीतून परत नेणार आहे. सोबत रत्नप्रभा आणि सहदेव. येत्या भाद्रपदात दिंडोशीच्या खोलीत दोन पानं जास्त लागतील. सगळं नीट झालं, असं तुम्ही म्हणाल. माझा वैताग मात्र गेलेला नाही, कारण जे मला सांगायचं होतं ते त्या सोप्यावरही कुणाला कळलं नाही. कळणार कसं? ते माझ्यावर लिहिलेलं नाही. ते कमरेच्या हाडांपाशी आहे, आणि ती अजून खाली आहेत.

तुम्हाला सांगतो. डोलकाठी मोडली तेव्हा बाकीच्यांनी उड्या टाकल्या; त्यांत धड पोहणारा कुणी नव्हता, एकही काठाला लागला नाही. ‘जा रे पोरा, तुझी बायको पोटुशी आहे,’ असं काशीराम माझ्याच तोंडून ओरडला. दत्ताराम गेला नाही. त्यानं फाटक्या शिडाची पट्टी घेतली, एक टोक म्हाताऱ्याच्या कमरेला बांधलं, दुसरं आपल्या कमरेला, आणि त्याला ओढत काठाकडे निघाला. अर्ध्यापर्यंत आणलंही होतं त्यानं. गाठ पक्की होती. काशीरामनंच शिकवलेली.

तर मित्रांनो, एवढं करा. जाळ्यात, पाया खणताना, नाल्याच्या गाळात माझ्यासारखं काही हाती लागलं तर आधी नाव ठेवू नका. कुठं लागलं, शेजारी काय होतं, हे लक्षात ठेवा आणि जाणत्याला विचारा. चकचकीत करू नका, भोकं बुजवू नका. झिजलेल्या जागीच माणूस सापडतो. आणि मनोरीच्या समुद्रात कधी खुंट ठोकायला गेलात, तर कौलांपासून जरा लांब ठोका. तिथं खाली दोघं आहेत, एकमेकांना बांधलेले.